दोनदा गाळलेला रस

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा द्राक्षरस कित्येक वर्षं मीच करते. आधी माझ्या सासूबाई करायच्या, त्यांच्यानंतर तो मान माझ्याकडे आला. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत सगळे भाकरीचा तुकडा आणि घोटभर रस घेतात. म्हणून आदल्या शनिवारी काळे मनुके धुवायचे, भिजवायचे, मंद आचेवर उकळायचे, गार झाले की हाताने कुस्करायचे आणि मलमलीच्या फडक्यातून एकदा गाळायचे. बाटलीत भरून फ्रिजमध्ये. मान म्हटलं खरं, पण बोटं काळी होतात, ओटा चिकट होतो, आणि रविवारी कोणी येऊन म्हणत नाही की बाई, रस छान झाला होता. म्हणूही नये. ते काय सरबत आहे?

मी रस करायची आणि आमचे हे तो वाटायचे. छोट्या छोट्या काचेच्या पेल्यांची ती मोठी थाळी हातात धरून बाकड्यांमधून हळूहळू जायचं काम यांचं होतं. पांढरा शर्ट, भांग पाडलेला, चेहरा असा गंभीर की जणू एक थेंब सांडला तर आभाळ कोसळेल. मी बायकांच्या बाजूला बसून बघायची आणि मनातून सुखावायची. आता खोटं कशाला बोलू, थोडी मिरवायचीसुद्धा.

आणि याच माणसाच्या तोंडात आठवड्याचे बाकीचे दिवस खर्रा असायचा.

नागपूरकराला खर्रा म्हणजे काय ते सांगायला नको. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेल्यावर घोटतात, आणि मग ती पुडी माणसाच्या खिशातून कधी निघत नाही. हे कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला, आम्ही तिथल्याच कॉलनीत राहायचो. पाळीची नोकरी. "झोप येते वं, खर्रा नसला तर डोळे मिटतात," असं सांगायचे. बाकीच्यांचे डोळे कशाने उघडे राहायचे कोण जाणे! कॉलनीत तशीही सगळ्यांच्या गच्चीवर राख असते, कपडे वाळत घातले की राख, तुळशीवर राख, स्कूटरच्या सीटवर राख. पण आमच्या मागच्या भिंतीवर राखेच्या जोडीला तपकिरी पिचकाऱ्या होत्या. मी शाळेत मुलींना स्वच्छता शिकवायची आणि घरी येऊन ती भिंत घासायची. शेजारीण गच्चीतून बघायची. मी म्हणायची, "शेवाळ झालं ना बाप्पा." उन्हाळ्यात शेवाळ! नागपूरच्या!

एक मात्र होतं. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी संध्याकाळपासून हे खर्रा तोंडात टाकायचे नाहीत. लवंग चघळायचे, मिठाच्या पाण्याने चुळा भरायचे, चिडचिड करायचे. तो यांचा उपास. मला त्याचाही राग यायचा. मी म्हणायची, "देव काय फक्त पहिल्या रविवारी पाहते का?" हे आणखी एक लवंग तोंडात टाकायचे. रविवारी दुपारी घरी आलो की कपडे बदलायच्या आधी पानठेल्यावर.

तोंडात आतल्या बाजूला पांढरा चट्टा आला, मग जखम झाली, मग तोंड उघडेना. तिखट खाल्लं की डोळ्यांतून पाणी. मी डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागले तर म्हणाले दाढ आहे, दाढेचं दुखणं आहे. शेवटी मीच शाळेतून रजा टाकून यांना ओढत नेलं. डॉक्टरांनी टॉर्च मारला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "खर्रा किती वर्षांपासून?" काय झालं आहे ते नंतर सांगितलं. हे खाली बघत बसले. मला वाटलं जमीन फाटावी. कॅन्सर शब्द त्यानंतर आला, पण मला आधी लाज वाटली आणि मग भीती, हे खरं आहे आणि मला ते आवडत नाही.

ऑपरेशनमध्ये एका बाजूचा जबडा काढला. छातीवरचं मांस घेऊन गाल भरला. जेवण बंद, नाकातून पोटात नळी. सुई नसलेली मोठी सिरिंज नळीला लावायची, वर धरायची, आणि त्यात पातळ केलेलं अन्न ओतायचं. ते आपल्या वजनानेच हळूहळू उतरतं. ढकलायचं नाही, घाई करायची नाही. शेवटी पाणी घालून नळी धुवायची, नाहीतर अन्न आत सुकतं आणि नळी बंद पडते. मुगाचं पाणी, भाताची पेज, दूध, नाचणीची आंबील, सगळं मिक्सरमधून काढायचं आणि गाळायचं. एकदा मूग नीट गाळले गेले नाहीत आणि नळी अशी चोंदली की दवाखान्यात नेऊन बदलावी लागली. ती बदलताना यांचे जे हाल झाले ते बघून मी त्या दिवसापासून सगळं दोनदा गाळायला लागले. एकदा चाळणीतून आणि एकदा मलमलीतून.

बोलणं म्हणाल तर शब्द चेपलेले यायचे, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळायची. हनुवटीखाली कायम एक टॉवेल. मला तेवढं समजायचं, बाकी कोणाला नाही.

मग चर्चची माणसं घरी प्रार्थनेला आली. बैठकीतली खुर्ची, स्टूल, दिवाण सगळं भरलं. हे पलंगावर, टॉवेल धरून, भिंतीकडे तोंड करून. गीत झालं, वाचन झालं, आणि एक गृहस्थ उठून फार कळवळून बोलले. बायबलमधल्या ईयोबासारख्या नीतिमान माणसाची देवाने परीक्षा घेतली, तशीच आज आपल्या या निष्ठावंत भावाची घेतली जात आहे, देव सोन्याला भट्टीत घालतो, धीर धरा. मी पदराने डोळे पुसत मान डोलावत होते. ईयोब म्हटलं की किती बरं वाटतं! माणसाची काही चूक नसते. आणि भिंतीवरच्या पिचकाऱ्याही कोणाला आठवत नाहीत. तसं बघितलं तर मी मग ईयोबाची बायको झाले, आणि 'देवाला शाप द्या आणि मरा' हे तिचं बोलणं बायबलमध्ये काही कौतुकाने सांगितलेलं नाही, पण ते तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

आमच्या चर्चमध्ये एक म्हाताऱ्या मावशी आहेत. पारशिवनीकडच्या. सगळ्या मंडळीच्या त्या मावशीच, आणि त्यांच्या जिभेला हाड नाही. आमेन झाल्याबरोबर त्या म्हणाल्या, "परीक्षा घेतली म्हणता बाप्पा, पण खर्रा काय देवानं घोटून देल्ला होता?"

कोणीतरी चहाचा कप बशीत ठेवला तो आवाजसुद्धा मोठा वाटला. माझे कान गरम झाले. मला त्या म्हातारीला हाताला धरून बाहेर काढावंसं वाटत होतं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं! इतकी वर्षं मी भिंत घासली, लवंगा पुरवल्या, आणि सगळी मंडळी थाळीतला पेला उचलताना यांचे दात बघत होती. मी आत जाऊन चहाचं पातेलं उगाच घासत बसले. लोक गेले तरी बाहेर आले नाही.

संध्याकाळी नळीला सिरिंज लावली तर यांनी माझा हात बाजूला केला.

"काय झालं?" मी विचारलं.

"मावशी खरं बोलल्या," हे म्हणाले. एकेक शब्द जोर लावून, लाळ पुसत. "ईयोबाचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं. आता देवाले काहून तरास द्यायचा?"

"म्हणून जेवायचं नाही?"

"मन नाही लागून राहिलं."

तिथून ते सुरू झालं. भांडून दिलं तर घ्यायचे, नाहीतर अर्ध्यावर नळी चिमटीत धरून बंद करायचे. ऑपरेशननंतर शेक सुरू व्हायचा होता. रेडिएशनला आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात. डॉक्टरांनी मला वेगळं बोलावून सांगितलं, वजन असंच उतरत राहिलं तर शेक झेपणार नाही, आणि शेक झाला नाही तर ऑपरेशनचा उपयोग नाही. त्यांनी जेवायला हवं. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच उरला होता की या माणसाला जेवायचं आहे की नाही. आणि हे मला 'मी चूक केली, मी भोगतो' असं शांतपणे सांगत होते. करावे तसे भरावे. मी त्या म्हणीचा एवढा तिरस्कार कधी केला नव्हता.

माझी प्रार्थना तर पार बिघडली होती. शाळेतल्या मुलींना मी वर्षानुवर्षं सांगितलं, संकटात देवावर भरवसा ठेवा. आता मी सिरिंज वर धरून उभी राहायची, पेज उतरायची वाट बघत, आणि मनात म्हणायची, देवा, तुझ्याकडे कोणत्या हक्काने मागू? आंधळ्याला, लंगड्याला तू बरं केलंस, त्यांनी स्वतःहून काही केलं नव्हतं. आमचा आजार आम्ही रोज ठेल्यावरून विकत आणला. मागायचीच लाज वाटायची. मग राग यायचा, यांच्यावर, ठेलेवाल्यावर, देवावर, आणि तेवढ्यात सिरिंज रिकामी व्हायची आणि नळी धुवायची वेळ व्हायची. आमेनसुद्धा राहून जायचं.

पहिले रविवार येत होते आणि जात होते, आणि वजनापायी शेक लांबत होता. मी रसाची बाटली घेऊन एकटीच बसने शहरातल्या चर्चला जायची. थाळी आता दुसरं कोणीतरी फिरवायचं. "कसे आहेत?" "बरे आहेत." हे मी इतक्या वेळा म्हटलं की पुढे विचारायच्या आधीच म्हणायला लागले.

मग चर्चचे पाळकसाहेब घरी आले. भला माणूस, वयाने आमच्यापेक्षा लहान. ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही येऊ शकत नसाल तर मी प्रभुभोजन इथे घेऊन येतो. आपण तिघंच. दार लावून शांतपणे करू." मला वाटलं देवानेच धाडलं यांना. घरच्या घरी! कोणी बघणार नाही, ना टॉवेल, ना लाळ, नळीकडे टक लावणारी पोरं नाहीत. मी लगेच म्हटलं, "हो हो, हेच बरं."

यांनी नकारार्थी मान हलवली. पाळकसाहेबांना समजेना म्हणून मी यांचं बोलणं सांगत गेले. "म्हणतात, घरी नको. म्हणतात..." आणि मी थांबले. कारण हे म्हणत होते, "खर्रा लपून खाल्ला. आता हेही लपूनच खाऊ?"

पाळकसाहेब थोडा वेळ बसले, प्रार्थना केली, गेले. मी यांच्याशी दिवसभर बोलले नाही. चांगला आलेला माणूस परत घालवला.

त्यानंतर मावशी आल्या. एकट्या, बस बदलून, हातात पिशवी. मी दार उघडलं पण या म्हटलं नाही. त्या आपल्या आपणच आत आल्या आणि यांच्या पलंगाशी स्टूल ओढून बसल्या.

"जेवत नाही म्हणे तू," त्या यांना म्हणाल्या. "काहून गा?"

यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"माह्या बोलण्याचा राग आला का?"

यांनी नाही म्हणून हात हलवला, आणि सावकाश म्हणाले, "मी ईयोब नाही, मावशी."

मी अर्थ सांगायच्या आतच मावशींना समजलं होतं. "थे तं मले माहीतच आहे," त्या म्हणाल्या. "पण प्रभूच्या मेजावर काय ईयोबच बसतेत का? थ्या रात्री कोण कोण बसलं होतं, वाचलं नाही का तू? एक प्रभूले विकणारा, एक त्याले नाकारणारा, बाकीचे पळून जाणारे. थाळी फिरवली येवढे साल अन् येवढं समजलं नाही तुले?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चहा ठेव वं, बिना साखरेचा." आणि पिशवीतून भोपळा काढून माझ्या हातात दिला. त्याचं सूप यांना चालेल असं कोणीतरी सांगितलं होतं. मी चहा केला. रागातच केला, पण केला.

त्या गेल्यावर हे उठून बसले. मग मला हाक मारली. "या रविवारी येतो."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या आत कसलीतरी धास्ती होती, आणि ती कशाची ते मी बघितलं नाही.

शनिवारी मी मनुके उकळले, कुस्करले, गाळले, बाटली भरायला घेतली. हे स्वयंपाकघराच्या दारात टॉवेल धरून उभे. म्हणाले, "पुन्हा गाळ."

"गाळला ना आत्ता."

"दोनदा गाळ."

माझं डोकंच फिरलं. सकाळपासून उभी होते, शाळेचे पेपर तपासायचे पडले होते, आणि आयुष्यात कधी ओट्याकडे न फिरकलेला माणूस मला रस शिकवायला आला. मी म्हटलं, "काहून? मंडळीच्या नाकात काय नळ्या आहेत?"

यांनी फडक्याकडे बोट दाखवलं. तिथेच उभे राहिले. मी तणतणत फडकं धुतलं आणि पुन्हा गाळला. खाली एवढासा चोथा निघाला, चिमूटभर.

रविवारी ऑटो केला. यांनी पांढरा शर्ट घातला, तो आता अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. गळ्यात दुपट्टा, नाकातोंडावरून गुंडाळलेला. खांद्याला कापडी पिशवी. मला वाटलं त्यात टॉवेल असेल. आम्ही शेवटच्या बाकड्यावर बसलो, पहिल्यांदाच शेजारी शेजारी. लोक वळून बघत होते. काहींनी जय ख्रिस्त म्हटलं, काहींनी नुसते हात जोडले. मी कोणाच्या डोळ्यांत बघितलं नाही. घामाने माझी पाठ भिजली होती.

भाकर आली. म्हणजे ब्रेडचाच छोटा तुकडा असतो, पण आम्ही भाकरच म्हणतो. मी माझा घेतला. यांनीही उचलला आणि हातात धरून ठेवला. मला वाटलं, ठीक, एवढ्यावर भागेल. नुसतं बसतील, मनातल्या मनात घेतील, कोणाला काही दिसणार नाही.

मग थाळी आली. पेले एकमेकांना लागून किणकिण वाजत होते. यांनी दुपट्टा खाली केला. गाल, टाक्यांच्या खुणा, लाळ, नळी, सगळं उघडं. पुढच्या बाकड्यावरची एक मुलगी वळली आणि तिच्या आईने तिचं डोकं पुढे फिरवलं. आणि मी, रोज तीच नळी हातात धरणारी मी, यांच्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला आणि कुजबुजले, "राहू द्या. घरी देईन मी."

यांनी माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता, राग असता तर मला सोपं झालं असतं. त्यांनी पिशवीत हात घातला आणि स्वच्छ रुमालात गुंडाळलेली सिरिंज काढून माझ्यापुढे धरली. घरून उकळून आणली होती. कधी उकळली, मला पत्ता नाही.

तेव्हा मला चोथा आठवला. दोनदा गाळ. मंडळीच्या नाकात काय नळ्या आहेत? माझाच आवाज माझ्या कानात आला आणि मला वाटलं तोंड कुठे लपवू. जबडा यांचा गेला होता, पण आत्ता तोंड लपवायची पाळी माझी होती.

मी उभी राहिले. नळीचं टोपण मला निघेना, यांनीच काढलं. थाळीवाला तसाच थांबला. गीत संपलं होतं, पेटी वाजवणाऱ्याने बोटं उचलली होती, आणि शंभर डोक्यांची ती मंडळी वाट बघत होती. मी सिरिंज लावली, वर धरली, आणि त्या इवल्याशा पेल्यातला रस तिच्यात ओतला. काळसर लाल रस. काचेसारख्या स्वच्छ नळीतून खाली उतरताना तो सगळ्यांना दिसला. अडला नाही. एक कण अडला नाही.

नळी धुवायला पाणी हवं होतं आणि मी पाणी आणलंच नव्हतं. मी इकडेतिकडे बघितलं. मावशी बायकांच्या बाकड्यावरून उठून आल्या, आपली प्यायची बाटली माझ्या हातात दिली आणि परत जाऊन बसल्या.

यांनी हातातला भाकरीचा तुकडा कपाळाला लावला आणि माझ्याकडे दिला. "माझ्या वाटची तू खा." मी खाल्ली. ती घशाखाली उतरायला रसापेक्षा जास्त वेळ लागला.

परतताना ऑटोत मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "रस बरा झाला होता का?" आणि जीभ चावली. नाकाच्या नळीतून काय चव कळणार!

"चव नाही समजली," हे म्हणाले. "गार वाटलं. आतपर्यंत."

मी बाहेर बघत राहिले. राखेचा ट्रक पुढे चालला होता, ऑटोवाल्याने वेग कमी केला. शेक व्हायचा होता, तो झेपेल की नाही माहीत नव्हतं, आजही पुढचं माहीत नाही. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, आम्ही काय केलं ते तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आता सगळ्या मंडळीला ठाऊक आहे, तरी मागते. लाज वाटते, तरी मागते. त्या दिवशी मी आमेनही म्हटलं.

कॉलनीचं फाटक आलं तसं यांनी माझ्या दंडाला हात लावला.

"घरी काय आहे?"

मला आधी समजलंच नाही. कित्येक दिवसांत या माणसाने जेवणाचं विचारलं नव्हतं. ऑटोवाला आरशातून बघत होता, आणि मी त्याच्यासमोर, भर दुपारी, पदर न लावता रडत होते.

"मुगाचं पाणी," मी म्हटलं. "गाळते. दोनदा."